पाणचक्कीच्या भिंतीवरची रेघ

माझी मुलगी चेक देशातल्या एका लहानशा गावात राहते. जावई तिथलाच. नदीकाठी त्यांचं घर, शेजारी बंद पडलेली जुनी पाणचक्की, मागे टेकडीवर लाकडी चर्च. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं फोनवर गाव दाखवलं, तेव्हा चक्कीच्या भिंतीत कोरलेली एक रेघही दाखवली.

"ह्याच्या पणजोबांच्या वेळी पाणी इथपर्यंत आलं होतं, आई. गावानं खूण जपून ठेवलीये."

ती चवड्यांवर उभी राहिली, हात ताणला, तरी बोटं रेघेपर्यंत पोचली नाहीत. ती हसली. मला काही हसू आलं नाही.

मागे एकदा, इकडे ग्वाल्हेरला आमच्या घरात गणपती बसलेले असताना, सकाळीच तिचा फोन आला. "पाऊस थांबतच नाहीये गं. पाणी पुलाला लागलंय."

"मग घरात काय करताय? निघा ना!"

"निघतो. शेजारच्या आजी एकट्या आहेत, त्यांना आधी..."

फोन तुटला. त्यानंतर लागलाच नाही.

ह्यांनी टीव्हीवर सगळ्या बातम्या फिरवून पाहिल्या; त्या गावाचं नाव कोण घेणार? मुलाला मोबाईलवर तिकडचे व्हिडिओ सापडले. मातकट पाणी, त्यात वाहत चाललेल्या गाड्या. मी बघितलं आणि फोन उलटा ठेवला.

"आई, तू टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला, "वहाँ नेटवर्क ही नहीं होगा." पण स्वतः पुन्हा पुन्हा तिचा नंबर लावत होता.

दुर्वा-फुलं आणायला मी पाटणकर बाजारात गेले. फुलवाला विचारत होता, "काकी, क्या दूँ?" आणि मला आठवेचना कशाला आलेय ते. डोळ्यांपुढे ती रेघ आणि तिच्याखाली माझी पोर. घरी आले तर कुणी तरी नळ सोडलेला. बादलीत पडणारं पाणी ऐकून मी ओरडले, "बंद करा तो नळ!" आजवर घरात मी इतकी कधी ओरडले नव्हते.

संध्याकाळी आरतीला उभे राहिलो. लहानपणापासून पाठ असलेले शब्द, पण ओळी पुढेमागे होत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई, मी वर चर्चमध्ये आहे. सगळं गावच इथे आहे."

मी तिथेच जमिनीवर बसले.

चर्चची घंटा अवेळी वाजली की हातातलं टाकून वर यायचं, ही त्या गावाची जुनी रीत. "मला वाटायचं, नुसती सांगायची गोष्ट आहे," ती म्हणाली. "आज कुणी तरी वाजवतच राहिलं. ह्यानं आजींना पाठीवर घेतलं आणि आम्ही पळालो."

"आणि घर?"

"खालच्या खिडक्या दिसत नाहीत."

"तू ग्वाल्हेरला ये. आत्ताच्या आत्ता ये."

"येईन गं. पाणी उतरलं की आधी चिखल काढायचाय."

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बेटा, कोरडे कपडे आहेत ना?"

"आहेत, बाबा. कुणाच्या तरी आजोबांचा कोट घातलाय." आणि मग ती रडायला लागली.

मागून कुणी तरी तिला तिकडच्या भाषेत हाक मारली. तिनं नाक ओढत त्याच भाषेत उत्तर दिलं आणि फोन ठेवला.