फर्नेसच्या खोलीतला धूर

"अस्थमा आहे," डॉक्टर म्हणाल्या. अस्थमा म्हणजे दमा. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी सिगारेट ओढतं का?" माझ्या एका बाजूला काका बसले होते, दुसऱ्या बाजूला काकू. मी म्हणाले, "नाही."

कॅनडातल्या मिसिसागात मी या दोघांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. नात्यागोत्याचे नाहीत, पण शिकायला आले तेव्हापासून त्यांनी मला लेकीसारखं सांभाळलंय. हिवाळ्यात खोकला सुरू झाला, आडवी झाले की छातीतून शिट्टी वाजायची. थंडी बाधली म्हणून काकू हळदीचं दूध पाजत राहिल्या.

कारण मला माहीत होतं. माझ्या खोलीला लागूनच फर्नेसची खोली आहे, घर गरम करणारी भट्टी तिथे असते. काका तिथे चोरून सिगारेट ओढायचे. काकूंना त्यांनी 'सोडली' म्हणून सांगितलं होतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'ओढू नका' म्हणायला जीभ रेटेना. काकूंकडे चुगली करणं तर त्याहून वाईट.

इन्हेलर सुरू झाला. त्यातच विमानतळाजवळच्या एका कार्गो कंपनीत नोकरी ठरली. माझं पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, या नोकरीवर अवलंबून होतं. निकोटिन घेणारा माणूस नको, हा कंपनीचा नियम. लघवीच्या तपासणीत कोटिनिन सापडलं. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं. जन्मात सिगारेट हातात धरली नाही मी! एचआरच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टरांकडून खुलासा आणा, तोवर ऑफर होल्डवर."

पुन्हा क्लिनिक. एकटीला कसं पाठवायचं, म्हणून पुन्हा दोघं सोबत.

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाल्या, "हे प्रमाण कमी आहे. दुसऱ्याच्या धुराचं असावं. पण घरात कुणी ओढत नाही, असं तूच सांगितलंस. मग मी काय लिहू?"

नोकरी हातची चालली होती आणि मी काकांची अब्रू सांभाळत होते. एवढी मी शहाणी.

"डॉक्टर, आय स्मोक," काका म्हणाले. "इन द फर्नेस रूम. राइट नेक्स्ट टू हर." मग काकूंकडे न बघता, "मी सोडली नव्हती गं."

"ठाऊक होतं मला," काकू म्हणाल्या. "वास येत नाही होय? लपवताय तोवर निदान कमी ओढाल, म्हणून गप्प बसले."

मला दोघांचाही भयंकर राग आला आणि रडूही आलं. तिघंही एकमेकांचं मन जपत होतो आणि श्वास माझा कोंडत होता.

डॉक्टरांनी खुलासा लिहून दिला आणि मी वरच्या खोलीत राहायला गेले. काका आधी बर्फात उभे राहून ओढायचे, हळूहळू तेही बंद झालं. पुढच्या तपासणीत कोटिनिन आलं नाही आणि नोकरी मिळाली. दमा मात्र राहिला. काकांवरचा राग अजून पुरता गेलेला नाही. तरी माझ्यासाठी त्यांनी बायकोसमोर मान खाली घातली, ते उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर माझ्यासारखं भिडेखातर खोटं बोलू नका. परवा दम्याच्या तपासणीला निघाले, तर दोघं जॅकेट चढवून तयार. क्लिनिकमध्ये माझं नाव पुकारलं तशी दोघंही उठली. "काका, काकू, तुम्ही इथेच बसा," मी म्हणाले. त्यांचे चेहरे उतरले. मी आत जाऊन दार लावून घेतलं.