पूजेतली काठी

आमच्या ह्यांना हॅम रेडिओचं वेड. परवाना काढायचा आणि खोलीत बसून दुनियाभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं! बोला बापडे. पण ऐंशीच्या दशकात एका वर्षी, आवाज लांबवर पोचत नाही म्हणून ह्यांनी पॉवर अँप्लिफायर बांधायला घेतला आणि माझं स्वास्थ्य गेलं. पत्र्याची पेटी, आत बाटलीएवढा काचेचा व्हॉल्व्ह आणि दोन हजार व्होल्ट.

काळजी घेत नव्हते असं नाही. मद्रासच्या आमच्या घराच्या अंगणात अर्थिंगसाठी तांब्याची सळई ठोकली, पेटीसाठी वेगळी लाइन ओढली. मला समोर बसवून शिकवलं, "प्लग काढला तरी आत वीज साठून राहते. आधी ही काठी लावायची, मगच हात. तोही एकच, दुसरा पाठीमागे." काठी म्हणजे बेकलाइटचा दांडा, टोकाला पितळी आकडा, आकड्याला वायर. वायरीचा चिमटा अर्थिंगच्या बोल्टला लावायचा आणि आकडा आत टेकवायचा, की साठलेली वीज गेली जमिनीत. वीज आपोआप उतरवणारा रेझिस्टर यायचा होता. झाकणाला कुलूप व्हायचं होतं. सगळं व्हायचंच होतं, पेटी मात्र चालू झाली होती!

आयुध पूजेच्या सकाळी ह्यांनी ती चालवून बघितली. तेवढ्यात गिंडीच्या कारखान्याची बस आली. तिथेही यंत्रांची पूजा, उशीर करून चालणार नव्हता. प्लग खेचला आणि जिन्यावरून ओरडले, "काठी लावायची राहिलीय गं! कुणी हात लावू नका!" झाकण उघडं टाकून गेले.

मग माझं कशातच लक्ष लागेना. सुंडलची, म्हणजे नैवेद्याच्या हरभऱ्याच्या उसळीची, फोडणी करपली. दोनदा खोलीत डोकावले. शेवटी म्हटलं, आपणच लावावी काठी. बघते तर काठी जागेवर नाही, ती देवापुढे! सासूबाईंनी पक्कड, स्क्रूड्रायव्हर, माझी कात्री, सगळं मांडलं होतं. त्यातच काठीही, गंधकुंकू लावून, वर जास्वंदीचं फूल.

सासूबाई तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या, मी पुण्याची. आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पूजतात, पण इथले नियम कडक. "पूजेत बसलेलं उद्याशिवाय हलवायचं नाही," त्या म्हणाल्या.

"अहो आई, त्या पेटीत वीज आहे."

"प्लग काढलाय की! पोदुम, किती घाबरशील?"

पोदुम म्हणजे पुरे. मी चडफडत वडे तळायला घेतले. हात कढईत, कान खोलीकडे. थोड्या वेळानं वळून बघते तर सासूबाई गंधाची वाटी घेऊन खोलीत शिरलेल्या!

"आई, नको!"

"कारखान्यातल्या यंत्रांना गंध लावतात, मग घरच्यानं काय पाप केलंय?" ओल्या गंधाचं बोट व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या टोपीकडे निघालं होतं.

झारा टाकून धावले आणि त्यांचं मनगट धरून मागे खेचलं. वाटी पडली, गंध फरशीभर.

"माझा हात धरतेस?" त्या कडाडल्या.

सुनेनं सासूचा हात धरायचा! मला रडू फुटत होतं आणि संतापही आला होता, त्यांचा नव्हे, ह्यांचा. तडक देवापुढे गेले आणि काठी उचलली. फूल खाली पडलं.

"अय्यय्यो, पूजा मोडलीस!"

मोडली तर मोडली. चिमटा बोल्टला लावला, डावा हात पाठीमागे घेतला आणि आकडा त्या टोपीला टेकवला.

ठो! सुतळी बाँब फुटावा तसा आवाज, निळी ठिणगी आणि जळका वास.

सासूबाई दाराला धरून खाली बसल्या. स्वयंपाकघरात वड्यांचा कोळसा झाला होता.

दुपारी हे पूजेच्या चुरमुऱ्यांची पुडी घेऊन आले. खोलीत पडलेली काठी बघितली, आकड्यावरचा काळा डाग बघितला आणि चेहरा पांढरा पडला.

"व्हॉल्व्ह शाबूत आहे ना?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई उठल्या. गंध वाळलेला उजवा हात त्यांनी लेकाच्या नाकासमोर धरला.

"आधी हा बघ," त्या म्हणाल्या.