केस गळतात म्हणून

त्वचा आणि गुप्तरोगाच्या दवाखान्यात मी खाजेसाठी गेलो होतो, खरंच खाजेसाठी. बाकावर शेजारचे देशमुख दिसले.

"तुम्ही इकडे कुठे?"

"केस फार गळतात हो," म्हणत त्यांनी टोपी घट्ट केली. टोपीखाली एकही केस नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

आपण मूळव्याधीचं रामायण लग्नाच्या पंगतीत सांगतो, पण हे आजार लपवतो. यातले बरेचसे वेळेवर दाखवले तर साध्या औषधानं बरे होतात.

डॉक्टर दारातून म्हणाले, "देशमुख, जोडीनं या. औषध दोघांनीही घ्यायचंय, नाहीतर पुन्हा होईल."

समोर मासिकाआड बसलेल्या वहिनी उठल्या. मनगटाएवढी वेणी मागे टाकत मला म्हणाल्या, "माझेही केसच गळतात, भाऊजी."