गोदाक्काची पिल्लं

मासा चिरला की गोदाक्का आधी त्याचं पोट उघडून बघायची आणि जाहीर करायची, "ह्यो सकाळी सुंगटां खाऊन इलो." सुंगटां म्हणजे कोळंबी. पन्नासच्या दशकात मालवणात आमचं मत्स्यखात्याचं दोन खोल्यांचं केंद्र होतं. तिथे झाडलोट करायला आणि समुद्राचं पाणी भरायला ती होती, आणि पुण्याहून पदवी घेऊन आलेला दीडशहाणा साहेब मी.

मला एकच ध्यास होता. समुद्रातून आणलेली माशांची अंडी बरणीत फुटायची. पण केसाच्या तुकड्याएवढी ती पिल्लं कोणत्या माशाची, हे ती वाढल्याशिवाय कळणार कसं? आणि वाढतायत कुठली! तीन दिवस पोटाखालच्या बलकावर काढायची, चौथ्या दिवशी तोंड उघडायची, पाचव्या दिवशी तळाशी मरून पडायची. उकडलेलं अंडं कुस्करून घातलं, तर पाणी नासलं. मग मी पाणी मलमलीतून तीनतीनदा गाळायला लागलो. तरी तेच.

एकदा गोदाक्का कळशी टेकवून बघत राहिली. "सायबानू, गाळलेला पाणी माणसाक बरा. ह्येंचा जेवाण तुमी फडक्यात ठेवल्यात."

फडक्यावरचा तो ओशट थर मी रोज खिडकीबाहेर झटकत होतो. सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर सगळा वळवळत होता. पुस्तकात हे वाचलं होतं हो, पण पाणी म्हटलं की गाळायचं, ही घरची शिस्त हातात मुरलेली. लाज वाटली.

मग ती खाडीच्या तोंडाचं हिरवट पाणी आणून तसंच ओतायची. "खाव दे, न्हानपणाची भूक मोठी." पिल्लं जगली. विसाव्या दिवशी नेमका माझ्या बदलीचा हुकूम आला. "नाव कळल्याशिवाय जातंस?" ती पहिल्यांदाच मला अरेतुरे करत म्हणाली. "जा. मी बघतंय."

महिन्याभराने केंद्रातल्या कारकुनाच्या अक्षरात तिचं कार्ड आलं: "शेवटे आसत. पेराएवढे झाले. तू बघून जा, मगे खाडीत सोडतंय." शेवटा ही खाडीतली मासळी; पिल्लांचं नाव कळलं होतं. मी अहवाल लिहिला. त्यात नाव फक्त माझं. कार्डाला उत्तर दिलं, पुढच्या महिन्यात येतो. असे चार महिने गेले.

गेलो तेव्हा गोदाक्का तापाने गेली होती. कारकून म्हणाला, "मासे सोड म्हटलं तर ऐकेना. सायब येतलो, म्हणायची. अंगात ताप घेऊन पाणी भरत होती."

टाकीत बोटभर शेवटे फिरत होते. मी ते खाडीत सोडले आणि काठावर बसून राहिलो. आक्का, मी आलो, एवढंच सांगायचं होतं. ऐकायला कोणी नव्हतं.