बीप न करणारा कॉम्प्युटर

बसवराजअण्णांच्या बायकोचा, गिरिजावहिनींचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होतो. "मारुती, अण्णा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी प्राचार्यांच्या परवानगीचीही वाट न बघता गडहिंग्लजची एसटी धरली. वाटेत सारखं वाटत होतं, की या माणसाला आम्ही खरं तर आधीच गमावलं होतं... त्या परीक्षेच्या सकाळी.

बसवराजअण्णा कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे प्रमुख. मी शाहूवाडीकडच्या वाडीतला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली लॅब असिस्टंट म्हणून लागलो. बी.एस्सी. झालो होतो, पण कीबोर्डला हात लावताना घाम फुटायचा. अण्णांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. "पावणं, घाबरताय कशाला? चावत न्हाय ते. इचारलं तर बोलतंय, न्हाय इचारलं तर गप्प बसतंय. आमच्या पावण्यारावळ्यांपेक्षा बरं हाय की." मग खुर्ची ओढून त्यांनी मला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला शिकवलं. आधी आयपीकॉन्फिग, म्हणजे आपल्या मशिनचा नेटवर्कमधला पत्ता. "दुसऱ्याची चौकशी करायच्या आधी आपला पत्ता सांगता आला पाहिजे," ते म्हणाले. मग पिंग, म्हणजे दुसऱ्या मशिनला हाक मारून ते ओ देतंय का बघायचं. मग नावावरून पत्ता शोधायचा. आज माझ्या घरात दोन वेळची चूल पेटते ती या तीन-चार ओळींवर, असं म्हटलं तरी चालेल.

या सगळ्या आज्ञा एका फाइलमध्ये ओळीनं लिहून अण्णांनी एक स्क्रिप्ट केली होती. तिला ते 'हजेरी' म्हणायचे. सकाळी ती चालवली की लॅबमधल्या एकेका मशिनला आपोआप हाक जायची, आणि जे ओ देणार नाही त्याचं नाव पडद्यावर यायचं.

अण्णांना साखरेचा आजार होता. तो डोळ्यांत उतरला. लेसरच्या खेपा झाल्या, उपयोग झाला नाही. माउसचा बाण सापडेना, रंगीत चित्रं एकमेकांत मिसळायला लागली. काळ्या पडद्यावरची मोठी पांढरी अक्षरं तेवढी अजून दिसत होती. पुढे तीही पुसट झाली, तेव्हा अण्णांनी हजेरीत एक ओळ वाढवली. एखाद्या मशिननं ओ दिली नाही, की कॉम्प्युटर बीप करायचा. बीप आला की ते मला हाक मारायचे, "मारुत्या, कोण गैरहजर हाय बघ रे." आमचे शिपाई बाबालालमामा चेष्टा करायचे, "अण्णा, तुमचा कोंबडा आरवला." अण्णा म्हणायचे, "आरवला म्हंजी कोणतरी झोपलंय. तुम्ही झोपू नका मामा, जाऊन वायर बघा."

विभागात सगळ्यांना माहीत होतं, प्राचार्य सोडून. आणि कुणी बोलत नव्हतं, कारण अण्णांनी एकदा मला स्पष्टच सांगितलं होतं, "घरात बसवलं तर मी टिकणार न्हाय. हितं निदान मशिनं बोलत्यात माझ्याशी." ती खुर्ची त्यांना पगारापेक्षा जास्त हवी होती.

मग विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले. मान म्हणून पहिला अण्णांच्या टेबलावर. मामांनी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. पुरवठादाराच्या माणसानं जुन्या मशिनमधल्या फाइली जशाच्या तशा नव्यात घातल्या, हजेरीही. फक्त जुन्या डब्याच्या आत बीप वाजवणारा जो बारीकसा स्पीकर असायचा, तो या नव्या डब्यात नव्हता. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कुणाच्या यावं?

परीक्षेच्या सकाळी मी दुसऱ्या इमारतीत होतो. पुढचं मामांनी सांगितलेलं. चहाचा ट्रे घेऊन ते तिथंच उभे होते. बाहेरचे परीक्षक येऊन बसले होते. प्राचार्य आत आले. "काय अण्णा, तयारी झाली?" अण्णांनी हजेरी चालवली आणि मान कलती करून ऐकत बसले. काही वाजलं नाही. "सगळं चालू हाय सर," ते म्हणाले. त्यांच्या समोरच्या पडद्यावर ओ न दिलेल्या मशिनांची एकाखाली एक नावं येत होती, सगळ्यात वर परीक्षेच्या सर्व्हरचं. प्राचार्य खुर्चीमागं उभे राहून ती वाचत होते. आधी त्यांना चेष्टा वाटली. मग ते हळूच म्हणाले, "अण्णा, समोर काय लिहिलंय, तेवढं वाचा बघू."

अण्णांनी चेहरा पडद्याजवळ नेला. मग म्हणाले, "कुठं?"

परीक्षा उशिरा का होईना, झाली. कुणी आवाज चढवला नाही. प्राचार्यही वाईट माणूस नव्हे. कॉलेजचं निवृत्तीचं पत्र अगदी सन्मानाच्या भाषेत आलं, शाल-श्रीफळ झालं, आणि अण्णा गडहिंग्लजला गेले. ते म्हणाले होते तसंच झालं. माणूस दिवसेंदिवस खंगत गेला. शेवटी किडन्याही गेल्या.

मी अधूनमधून जायचो. एकदा ते म्हणाले, "चूक मशिनची न्हवती, मारुत्या. माझी होती. नसलं की वाजव, असं लिहिलंतं मी. मग काहीच वाजलं न्हाय, की सगळं बरं हाय असं समजायचं... उलटं लिहायला पाहिजे हुतं. असलं की वाजव." मी नुसतीच मान हलवली. त्यांनी लगेच हात पुढे करून माझा गुडघा चाचपला.

त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून मातीत ठेवलं. खुर्चीत बसायचे तसेच ताठ होते.

काही आठवड्यांनी वहिनींना भेटायला गेलो. मी बाहेरच्या खोलीत, त्या आत भाकरी थापत होत्या. थापता थापता त्या मध्येच मोठ्यानं म्हणाल्या, "हाय हं, हितंच हाय." मला वाटलं मला काही सांगतायत. मी आत डोकावलो. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तुम्हाला न्हवं," त्या म्हणाल्या. "आतून आवाज आला न्हाय की घाबरायचे ते. भिंत धरत धरत चुलीपतूर यायचे. म्हणून भाकरीगणिक सांगायची सवय लागली."

त्यांनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली. थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीकडं तोंड करून त्या पुन्हा म्हणाल्या, "हाय हं."