बघितलं म्हणजे काय बघितलं?

आमचे सर कुठलंही दार सरळ उघडत नसत. आधी हाताची उलटी बाजू दाराला लावायची, खालून वर फिरवायची, मग कडीला हात. पलीकडे आग असेल तर दार तापलेलं असतं, आणि तळहात भाजला तर पुढे काही धरता येत नाही, म्हणून उलटा हात. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. पण ते कँटीनच्या दारालाही हात लावत, संडासाच्याही. एकदा ऑफिसातल्या फ्रिजला लावला आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले, "हसा. दार ते दार."

इकडे आखातात, अल क्वोजच्या एका ट्रेनिंग सेंटरवर ते नव्या फायरमनना शिकवायचे. मूळचे कराडकडचे. तिकडे अग्निशमन दलात नोकरी केली, निवृत्त झाले आणि मग इकडे आले. बॅचमधले लोक पाठीमागे त्यांना 'शक्की उस्ताद' म्हणत. ते आम्हाला नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. बारा जणांत एक पेशावर होता, एक पोखरा, दोन कोट्टायम. मी दापोली.

मी तेव्हा एका गोदामात माल उतरवायच्या कामावर होतो. त्या कामाला मशीन येणार होतं. कंपनीने सांगितलं, गोदामाची स्वतःची फायर टीम करायची आहे, कोर्स करून ज्याला कार्ड मिळेल तो राहील, बाकीचे खलास, घरी. माझ्या घरी आई, बायको आणि दुसरीतली मुलगी. कोर्स सहा आठवड्यांचा, शेवटी लेखी, तीही इंग्रजीतून, आणि प्रात्यक्षिक. लेखीचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. कारण फॉर्मवर मी दहावी पास लिहिलं होतं आणि शाळा सुटली होती सातवीतच.

सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. पाण्याच्या होजचं तोंड नीट बसलंय का, दोरीची गाठ घट्ट आहे का, काहीही विचारलं आणि आपण "बघितलं, सर" म्हणालो की लगेच, "बघितलं म्हणजे काय बघितलं?" मग जे बघितलं ते सगळं तोंडाने सांगायचं. सांगून झालं की ते स्वतः जाऊन पुन्हा बघणार. गाठ असेल तर दोनदा ओढणार. पेशावर चिडायचा. म्हणायचा, "उस्ताद को अपने बाप पे भी भरोसा नहीं." आमच्यात अशी बोलवा होती की, तिकडे नोकरीत असताना कुणाच्या तरी चुकीने त्यांचा जोडीदार गेला आणि तेव्हापासून ते असे झाले. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "कोण गेलं? कोणी गेलं नाही. तीस वर्षांत काही झालं नाही. उगाच नाही झालं, लेका."

मला मात्र त्यांचीच भीती वाटायची. वर्गात ते नेमके माझ्या मागे येऊन उभे राहत. मी पुस्तकाचं पान उलटलं की, "काय वाचलंस?" मला वाटायचं, हा कंपनीचा माणूस, यादीतून नावं कमी करायला ठेवलेला. आपल्या भाषेतला म्हणून आपल्यालाच पहिलं पकडणार, म्हणजे त्याच्यावर कुणी बोट ठेवायला नको. त्यांनी चहा पाजला तरी मी विचार करायचो, हा कशासाठी?

आणि पकडलंच. पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क, या सगळ्याला मिळून आम्ही सेट म्हणायचो. रोज सकाळी आपला सेट तपासायचा आणि कागदावरच्या इंग्रजी चौकटींत खुणा करायच्या: ठीक असेल तर बरोबर, नसेल तर फुली. तपासायचो मी नीट, पण चौकटीत काय लिहिलंय ते कळायचं नाही. म्हणून गठ्ठ्यात खाली असलेला, कुणाचाही आदल्या दिवशीचा कागद बघून तशाच खुणा उतरवायचो. एके दिवशी खालच्या कागदावर कुणाच्या तरी सेटची शिट्टी बिघडलेली, म्हणून चौथ्या चौकटीत फुली होती. मी तीही उतरवली.

सरांनी कागद हातात घेतला. "दापोली, शिट्टी वाजत नाही?"

"वाजते की, सर."

"मग ही फुली कशाची?"

 हवा संपत आली की वाजते ती शिट्टी. तिच्यावर माणूस आत राहणार की बाहेर येणार ते ठरतं. सर कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "शाळा कितवीपर्यंत?"

"दहावी."

"बघितली का दहावी?"

दुपारी त्यांनी मला बाहेर सावलीत बोलावलं. म्हणाले, "लेखी परीक्षा हिंदीतून तोंडी देता येते. अर्ज करावा लागतो. पण त्यात शिक्षण खरं लिहायचं. आधीचं खोडून." आणि एक कोरा फॉर्म पुढे केला.

मी तो फॉर्म दोन दिवस खिशात ठेवला. पेशावर म्हणाला, "लिख के मत दे, भाई. तेरे ही हाथ से लिखवा रहा है. कल यही काग़ज़ कंपनी में जाएगा." मलाही तसंच वाटत होतं. खोटं लिहिल्याचा पुरावा मीच सही करून द्यायचा! पण न द्यावा तर लेखीत शून्य ठरलेलं. तिसऱ्या दिवशी सरांकडे गेलो आणि सरळच विचारलं, "सर, हे लिहून दिल्यावर मला परत तर नाही ना पाठवणार?"

ते रागावले नाहीत. उलट जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "माझ्यावर संशय घेतोस? घे. चल, ऑफिसात जाऊन नियम वाचून घे. मी वाचणार नाही, तुला खोटं वाटेल. कोट्टायमवाल्यांपैकी कुणाकडूनही वाचून घे." त्यातल्या एकाने शब्द न शब्द वाचून हिंदीत सांगितला; खरं शिक्षण लिहिलं म्हणून परत पाठवायचं असं त्यात कुठेच नव्हतं. मग मी सातवी लिहिलं. अक्षर माझ्या मुलीच्या अक्षरासारखं आलं. पुढे तीन आठवडे सरांनी जेवणाच्या सुट्टीत मला त्या चौकटी एकेक करून शिकवल्या. शिकवताना एकदाही शाबास म्हणाले नाहीत.

तोंडी परीक्षा निभावली. प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आला. धुराने भरलेल्या कंटेनरमध्ये शिरून पुतळा बाहेर काढायचा होता. सेट सरांनी स्वतः मांडून ठेवले होते. परीक्षक घड्याळ दाखवत "यल्ला, यल्ला" म्हणून घाई करत होता. मी सिलिंडर उघडला, हवेचा काटा पूर्ण. बंद केला आणि मिनिटभर काट्याकडे बघत उभा राहिलो. काटा केसभर उतरला. पुन्हा केसभर. कुठून तरी हवा गळत होती.

मी हात वर केला. सर पुढे आले. "काय झालं? सेट मी बघून ठेवलाय."

परीक्षक बघत होता. कार्ड त्याच्या हातात होतं. मी काट्यावर बोट ठेवलं. "तरी नको, सर. दुसरा द्या."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही, सर."

ते परीक्षकाकडे वळून काहीतरी इंग्रजीत बोलले. त्याने मान डोलावून कागदावर खूण केली. ती बरोबरची आहे, आणि कुठल्या चौकटीत, हे मला आता लांबूनही कळत होतं. दुसरा सेट घालून मी आत गेलो, पुतळा आणला, कार्ड मिळालं. तो सेट मुद्दाम ढिला केला होता का, असं नंतर विचारलं तर म्हणाले, "मला काय माहीत?" मला अजून संशय आहे.

गेल्या वर्षी ते कायमचे गावी परतले. अल बर्शाला भाच्याकडे राहत होते, तिथे सामान बांधायला मला बोलावलं. मी दाराला उलटा हात लावून मगच बेल दाबली. दारावरच्या कॅमेऱ्यात हे बघून भाच्याची मुलगी दार उघडून ओरडली, "ओ माय गॉड, अनदर वन!" घरी जाणाऱ्या सगळ्यांसारखाच त्यांचाही मोठा खोका होता, खजूर, कंबल, नातवाची सायकल. त्यावर दोरी मी मारली, त्यांनीच शिकवलेल्या गाठीने.

विमानतळावर खोका ट्रॉलीवर ठेवताना त्यांनी विचारलं, "गाठ बघितलीस?"

"बघितली, सर."

मी पुढचं सांगायला तोंड उघडलं. त्यांचा हात दोरीकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि ट्रॉलीच्या दांड्यावर आला. "मग चला," म्हणाले आणि पासपोर्ट काढायला खिसे चाचपू लागले.

ते वळलेले बघून मीच गाठ दोनदा ओढून बघितली.