शेजारच्या घराला लावलेला शब्द

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाच ठाऊक नाही.

आमच्या कटंगीत स्थळ आलं की मुलाकडची एखादी बाई आधी शेजारच्या घरी पाणी प्यायला थांबते. पाणी हे निमित्त. मुलीचं घर कसं आहे, ते तिला शेजारणीकडून काढून घ्यायचं असतं. पुष्पाला तुमसरचं स्थळ आलं, तेव्हा शेजारीण मी होते.

पुष्पाची आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. पुष्पा रोज पहाटे गोधड्या धुवायची, फिनाइल टाकायची, तरी घरात थोडा वास राहायचाच. त्याच घरात मी रोज तिच्या हातचा चहा प्यायचे. आणि त्या बाईला मी काय सांगितलं?

"पोरगी चांगली हाये जी, पन घर लय गचाळ."

अस्वच्छ म्हटलं असतं तर चाललं असतं — अस्वच्छ घर झाडलं की स्वच्छ होतं. गचाळ म्हणजे त्या घरच्या बाईला वळणच नाही. हा शब्द एकदा पोरीला चिकटला की सुटत नाही. मला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर तोच निवडला. का? मुलगा नोकरीवाला होता, पुष्पा माझ्यापेक्षा चांगल्या घरी चालली होती — माझ्या पोटात दुखलं. आणि खरं सांगू? त्या बाईचा चेहरा उतरला तेव्हा मला मजा वाटली.

स्थळ मोडलं. पुढचीही मोडली.

एवढंच असतं तर मी आजही गप्प राहिले असते. पण मध्यस्थानं तो शब्द पुष्पाच्या कानावर घातला, आणि ती रडत आली ती माझ्याकडेच. माझा हात धरून विचारत होती, "वैनी, असं काहून बोललं असन कोनी? कोन असन?"

मला नुसतं गप्प बसता येत नव्हतं का? — मी म्हणाले, "तुही काकू. मी माह्या कानानं आयकलं."

काकू म्हणजे तिच्या आईला उचलून न्हाऊ घालायला रोज येणारी एकमेव बाई. दुसऱ्या दिवसापासून पुष्पानं तिला दार उघडलं नाही. आईला ती एकटीच उचलू लागली. आई गेली तोवर पुष्पाची कंबर कामातून गेली होती.

गेल्या महिन्यात काकू वारली. पुष्पा मयतीला आली नाही. अंगणात बायका म्हणाल्या, काय दगडाच्या काळजाची पोरगी आहे!

मीही म्हणाले, "हौ ना."